पलंगाच्या फळ्यांची पेटी

हैदराबादेत मलकपेठच्या त्या घरात दिवस घोड्यांनी सुरू व्हायचा. अजान संपली की रेसकोर्सवरचे घोडे रपेटीला निघत आणि आमच्या मागच्या गल्लीतून जात. टापा आधी डांबरावर कडक वाजायच्या, मुरमाचा रस्ता लागला की मऊ व्हायच्या, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मी परभणीकडच्या एका तालुक्याच्या शाळेत शिकून नवा आलेला, आमच्याकडे पहाट म्हणजे बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा आणि विहिरीवरच्या चाकाची कुरकूर. इथं अंथरुणात पडल्या पडल्या मी त्या टापा डांबरावरून मुरमावर कधी उतरतात त्याची वाट बघायचो. त्यानंतर काकूंची फुंकणी, मग बंबात पडणारं पाणी, मग ‘पालू, पालू’ करत येणारी दूधवाली. तिचं तेलुगू आणि काकूंचं दखनी यांत दुधात पाणी किती यावर रोज वाद व्हायचा आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं.

घर तात्यांचं, काकू त्यांच्या पत्नी. तात्या महसूल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. ते आमच्या तालुक्याला असताना शाळेच्या तपासणीला आले होते, तेव्हा मी गणितं बरी सोडवली, एवढ्यावरून त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून घेतलं. वडिलांना अंगठ्यापुरतीच अक्षरओळख. तात्या म्हणाले, “पोराला हैदराबादेला पाठवा, माझ्या घरी राहील.” वडील म्हणाले, “साहेब, ते तुमच्यात बसंल का?” तात्या नुसते हसले. पुढं कॉलेजात नाव घातल्यावर मी त्या घरात राहिलो तो त्यांची बदली होईपर्यंत. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि ती पदवी त्या घराच्या भाकरीवर उभी आहे. वर्षातून एकदा वडील ज्वारीचं पोतं घेऊन काचीगुडा स्टेशनवर उतरत, तेवढीच आमच्याकडून परतफेड. काकू ते पोतं दारातच सोडून मूठभर दाणे हातावर घेत आणि म्हणत, “हे बघा, ही खरी ज्वारी. इथं बाजारात मिळते ती नुसती दिसायला.” वडिलांना त्या वाक्याचं फार अप्रूप होतं.

जेवण त्या घरासारखंच मिसळलेलं होतं. येसराची आमटी आणि खट्टी दाळ एकाच चुलीवर. अंबाडीला कधी अंबाडी म्हणायचं, कधी गोंगुरा. पाहुणे आले की बैंगनाचं सालन, आणि त्याच ताटात पुरण. तात्यांच्या किती पिढ्या हैदराबादेत सरकारी चाकरीत गेल्या हे त्यांनाही नीट सांगता यायचं नाही. घरात मराठी बोलत, रागावत उर्दूत, भाजी घेत तेलुगूत.

तात्यांचे थोरले भाऊ अण्णा त्याच घरात राहत. विधुर, मूलबाळ नाही, वकिली सोडून दिलेली. सगळी वकिली त्यांनी उर्दूत केली होती, त्यामुळे मराठी बोलायला अस्खलित, पण वाचताना ओठ हलायचे आणि दमायचे. पुण्याहून शिळं होऊन येणारं वर्तमानपत्र मी त्यांना वाचून दाखवायचो आणि त्याबदल्यात ते माझं इंग्रजी तासून काढायचे. उजवा कान माझ्याकडे करून बसत. “तुझा आवाज जाड आहे,” ते म्हणायचे, “नांगरटीचा आवाज. तो पोचतो. तात्याची सून बोलते ते मला चिमण्यांसारखं वाटतं.” ती सून सणासुदीला येणाऱ्या सगळ्या बायकांसारखीच हळू बोलायची, पण अण्णा मान हलवून हसायचे आणि उत्तर भलतंच द्यायचे.

त्यांच्या खोलीत कोपऱ्यात किल्लीचा ग्रामोफोन होता, पितळी भोंग्याचा, आणि शेजारी शिसवी पेटीभर तबकड्या. वकिली चालू होती तेव्हा कोर्टातून आले की काळा कोट खुंटीला, हातपाय धुणं, आणि एक तबकडी, असा त्यांचा नेम होता म्हणे. मी आलो तेव्हा भोंग्यावर फडकं टाकलेलं होतं. एकदा मी विचारलं तर म्हणाले, “आता त्यातून नुसती कालवाकालव ऐकू येते. शब्द लागत नाहीत. बाई गाते की पिपाणी वाजते ते कळत नाही. कान गेले, नारायण. हरकत नाही, पुष्कळ ऐकून झालं.” ते त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. आता म्हातारपणी, गेल्या वर्षी, कानाच्या डॉक्टरांनी मला माझ्या कानांचा एक आलेख दाखवला. रेघ डावीकडून बरी चालत येते आणि उजवीकडे खाली उतरते. बारीक, उंच आवाज आधी जातात, जाड राहतात, असं ते मला समजावून सांगत होते, आणि मला अण्णांच्या चिमण्या आठवल्या. त्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं. कान गेले म्हणजे गेले.

मग हैदराबाद राज्याच्या वाटणीचं घाटू लागलं. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलुगू आंध्राकडे. कॉलेजात त्याच्यावर भाषणं व्हायची, पण मलकपेठच्या घरांत त्याचा अर्थ एवढाच होता की कोण जाणार आणि कोण राहणार. दोन मराठी माणसं रस्त्यात भेटली की नमस्काराच्या आधी “तुमचं काय झालं?” विचारत. तात्यांची नेमणूक औरंगाबादेला झाली. काकूंनी हुकूम आल्याच्या दुसऱ्या दिवशी पदर खोचला. बदल्यांचा त्यांना दांडगा अनुभव होता. त्यांचा एक नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता: घर हलताना कोणतंही भांडं, कोणतीही पेटी रिकामी बाहेर पडायची नाही. रिकामं निघालं तर नव्या घरात रिकामपण येतं, असं त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितलेलं. म्हणून घागरीत वाट्या, वाट्यांत सुपारी, तांदळाच्या डब्यात लोणच्याच्या बरण्या, शिवणाच्या मशीनच्या झाकणात तात्यांचे मोजे. त्यात दुहेरी फायदा होता, जागाही वाचायची.

जागेवरूनच तबकड्यांचा प्रश्न निघाला. तात्या म्हणाले, “अण्णा, रेल्वेच्या वॅगनीत जागा थोडी आहे. ही पेटी दगडासारखी जड. तुम्ही वाजवत तर नाही.” अण्णा म्हणाले, “देऊन टाका.” इतक्या लवकर म्हणाले की तात्याच ओशाळले. जुम्मेरात बाजारातला जुन्या सामानाचा एक व्यापारी येऊन पेटी बघून गेला. अण्णांना ‘वकीलसाब’ म्हणायचा. येत्या दुसऱ्या रविवारी सामान न्यायला बंडी घेऊन येतो म्हणाला. तो गेल्यावर अण्णांनी पेटीचं झाकण लावलं, आणि मग परत उघडून वरची तबकडी नीट उभी केली. ती आधीच नीट होती. मला ते बघवलं नाही. त्या घराचं मी एवढं खात होतो आणि त्या घरातल्या माणसासाठी मला करता येण्यासारखं आजवर काही निघालं नव्हतं.

मी हमीदकडे गेलो. हमीद माझ्याच वर्गात भौतिकशास्त्राला होता, मलकपेठेतच राहायचा, आणि मला ‘पटेल’ म्हणायचा, कारण गावाकडून आलेला प्रत्येक मराठी माणूस त्याच्या मते पटेलच असायचा. कॉलेजच्या ग्रंथालयात परदेशी मासिकं येत. त्यांतली बाकी कुणी उघडत नसे ती हमीद तोंडपाठ करायचा. त्याला त्यात एक नवा शब्द सापडला होता, हाय फिडेलिटी, आणि तो कुठंही वापरायचा. चहा चांगला झाला तर चहालाही. जुम्मेरात बाजारात लष्कराचं मोडीत काढलेलं सामान यायचं, त्यातून व्हॉल्व्ह आणि एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर आणून त्यानं ॲम्प्लिफायर जोडला होता. एक दहा इंची स्पीकरही मिळवला होता. पण त्याच्याकडे वाजवायला काही नव्हतं.

मी अण्णांचं सांगितलं. तो म्हणाला, “कान गए बोलके किसने बोला? डाक्टर बोला क्या?”

“ते स्वतः म्हणतात.”

“अरे पटेल, भोंगा बोलराउं मैं. उस भोंगे में से तो मेरेकू भी लफ्ज नै समझते.”

त्याला घेऊन मी अण्णांकडे आलो. अण्णांनी त्याला बसवून घेतलं आणि नव्या शब्दाचा अर्थ विचारला. हमीद म्हणाला, “फिडेलिटी बोले तो वफादारी, वकीलसाब. जैसा गाया, वैसाच सुनाना.”

“वफादारी किससे?” अण्णा म्हणाले. त्यांचं उर्दू कोर्टातलं, कडक इस्त्रीचं. “गानेवाले से, या सुननेवाले से?”

हमीद डोकं खाजवत हसला. त्याचं नीट उत्तर मलाही अजून सुचलेलं नाही. माझ्या बैठकीच्या खोलीत आज दोन मोठे स्पीकर उभे आहेत, त्यांच्यामुळे सोफा भिंतीपासून पुढं ओढावा लागला आहे आणि घरच्यांनी त्याची सवय करून घेतली आहे. इतक्या वर्षांत मी स्पीकरच्या किती पेट्या बांधल्या आणि मोडल्या, पण प्रत्येक वेळी हा प्रश्न आडवा येतो.

अण्णांच्या तबकड्या हमीदच्या यंत्रावर लावून बघायचं ठरलं, पण स्पीकरला पेटी हवी, असं मासिकात होतं, जाड लाकडाची, सगळीकडून बंद. माळ्यावर अण्णांचा जुना सागवानी पलंग होता, कुणी वापरत नव्हतं. तो मागितला तेव्हा काकू म्हणाल्या, “घ्या. पण गोधड्या मी त्याला बांधून नेणार होते, आता त्या कशात नेऊ?” मी म्हणालो, बघू काहीतरी. पलंगाच्या फळ्यांची आम्ही पेटी केली. सुतारकाम मी केलं. गावाकडे औतं दुरुस्त करताना वडिलांच्या हाताखाली शिकलेलो होतो. हमीद खुर्चीवर बसून मासिकातलं वाचून दाखवायचा आणि मी चुकलो की “हाय फिडेलिटी, पटेल, हाय फिडेलिटी” म्हणायचा. पेटी उंचीनं काकूंच्या कमरेला लागायची. पुढं गोल भोक, मागं खिळ्यांनी ठोकायची फळी. ग्रामोफोनचा भोंगा आणि सुईची डबी काढून तिथं ॲम्प्लिफायरला जोडलेला, सुई धरणारा नवा हात बसवला, तबकडी फिरायला किल्लीच ठेवली.

पहिल्या रविवारी अण्णांना समोर बसवून लावलं. आवाज मोठा आला, भिंतीवरची तसबीर थरथरली एवढा मोठा. पण कसा, तर कुणी रांजणात तोंड घालून गातंय. प्रत्येक शब्दाला मागून एक गुणगुण चिकटलेली, आणि तबल्याचा ठेका म्हणजे गादी झोडपल्यासारखा. हमीद कळा फिरवत राहिला. अण्णा शेवटपर्यंत बसले, हात मांडीवर. तबकडी संपल्यावर म्हणाले, “छान केलंत. मेहनत घेतलीत. पण बघ, हे विजेवरचं नवं यंत्र, तरी माझं तेच. आता खात्री झाली.”

हे सगळ्यांत वाईट झालं. आधी त्यांना नुसतं वाटत होतं, आम्ही त्यांना पुरावा दिला. हमीदनं तारा सोडवल्या. जाताना म्हणाला, “स्पीकर का परदा घिसरा शायद,” आणि तो काढून घरी घेऊन गेला. पेटी मागची फळी उघडी टाकून ओसरीवर तशीच राहिली. अण्णांनी त्या आठवड्यात वर्तमानपत्र वाचायला मला एकदाही बोलावलं नाही.

पुढचा रविवार आला. दुपारी व्यापारी बंडी घेऊन येणार होता. हमीद त्याच्या आधी स्पीकर काखेत मारून आला. पडदा खरंच थोडा घासत होता, तो त्यानं सरळ केला होता. पेटीपाशी गेला आणि ओरडलाच.

“काकू! ये क्या कर दिये तुमे?”

पेटीत गोधड्या भरलेल्या होत्या. नुसत्या ठेवलेल्या नव्हत्या, पायानं दाबून दाबून भरल्या होत्या, आणि मागची फळी खिळे ठोकून बंद. गोल भोकातून जुन्या नऊवारीचा जांभळा काठ डोकावत होता.

काकू पिठाचे हात घेऊन आल्या. “क्या कर दिये म्हणजे? पलंग तुमी मोडे, फिर मैं गोधड्यां कायमें लेके जाऊं? सागवानी पेटी है, मजबूत है. रिकामी पेटी माझ्या घरातून बाहेर जायची नाही.”

“अरे, इसमें स्पीकर बैठता!”

“बैठता तो बैठने देव. गोधड्यां काट रैं क्या तुमना?”

मी म्हणालो, “काकू, थोडा वेळ काढू या, वाजवून झालं की मी पुन्हा भरून देतो.”

“नारायण, खिळ्याला हात लावलास तर बघ. सकाळपासून कंबर मोडली माझी.”

मी हमीदकडे बघितलं. बाहेर बंडीचा आवाज आला. व्यापारी येऊन पोचला होता. हमीदनं हात झटकले. “नक्को रे. वैसे भी कहां चलरा था. ऐसाच लगा दे.” भोकातून मूठ घालून आम्ही गोधड्या मागं सारल्या, स्पीकरपुरती जागा केली आणि स्क्रू पिळले. अण्णा यायला तयार नव्हते. मी म्हणालो, “शेवटचं एकदा, माझ्यासाठी.” ते आले, पण खुर्चीवर टेकून बसले नाहीत, उठून जायच्या बेतानं काठावर बसले. व्यापारी दारातल्या पायरीवर बसला. त्याला काकूंनी चहा दिला.

पहिली तबकडी एका बुवांची होती. सुईची खरखर झाली आणि मग गाणं सुरू झालं, आणि मी पेटीकडे बघितलं, कारण आवाज पेटीतून आल्यासारखा वाटतच नव्हता. रांजण नाहीसा झाला होता. एक माणूस गात होता, शब्दांना कडा होत्या, तबल्यावर बोट पडायचं आणि उचललं जायचं, ते उचलणंही कळायचं. पेटीची स्वतःची गुणगुण गोधड्यांनी गिळून टाकली होती. हे कारण आम्हाला नंतर कळलं, मासिकात ते पुढच्या पानावर होतं आणि हमीदनं ते पान उलटलं नव्हतं. त्या क्षणी हमीद तोंड उघडं टाकून उभा होता.

अण्णा खुर्चीत मागं टेकले. थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलू लागले. मराठी वाचताना हलायचे तसे. ते शब्द म्हणत होते, गाण्याच्या बरोबर, एकही न चुकता. तबकडी संपली तेव्हा म्हणाले, “म्हणजे अगदीच गेलेले नाहीत.” आणि लगेच, वकिलासारखं, “दुसरी लाव. एकावरून निकाल देता येत नाही.”

दुसरी बाईंची होती. सूर लावायच्या आधी तिनं श्वास घेतला आणि तो मला ऐकू आला. मागं तंबोरा होता, चार तारा, त्यांतली एक जरा जास्त झणझणीत. गाणं म्हणजे वाजणारी गोष्ट अशी माझी तोवर समजूत होती, पण त्या ओसरीवर एक माणूस येऊन बसलं होतं आणि ते आता काय करेल हे मला माहीत नव्हतं. काकू परात खाली ठेवून म्हणाल्या, “ही बसून गाते आहे ना रे? आवाज तेवढ्याच उंचीवरून येतोय.” आयुष्यात पुढं मी पुष्कळ जाणकारांची मतं ऐकली, त्यांतली बरीच काकूंच्या या वाक्याइतकी नेमकी नव्हती.

“तंबोरा काय सुंदर लागलाय,” मी बोलून गेलो.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “तंबोरा आहे?”

“आहे की. सबंध आहे.”

“मला नाही ऐकू येत,” ते म्हणाले. “मधेमधे बाईही जाते. वर गेली की दिसेनाशी होते, खाली आली की सापडते.” मग म्हणाले, “बरं. म्हणजे काही यंत्राचं होतं आणि काही माझं. हिशेब स्वच्छ झाला.”

मग त्यांनी तबकड्यांची पेटी ओढून घेतली आणि एकेक तबकडी माझ्या हातात देऊ लागले. थोडी लावायची, ते ऐकणार. लागली तर उजवीकडे, नाही लागली तर डावीकडे. व्यापाऱ्याचा चहा संपला, दुसरा आला. तबकड्यांना तो तवे म्हणायचा. मधेच म्हणे, “वकीलसाब, तवे देरैं की नै? धूप उतररी.” आणि मधेच म्हणे, “ये वाला जरा पूरा बजाव ना.” उजवा ढीग बुवांचा, पखवाजाचा, जाड आवाजांचा. डावीकडे बाया, सारंगी, बासरी. डावा मोठा होत गेला. जिच्यासाठी त्यांनी एकदा कोर्टाला दांडी मारली होती म्हणून काकू सांगत, ती बाईही डावीकडे गेली. ती त्यांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः ठेवली.

तात्या आतून आले, उजवा ढीग बघून म्हणाले, “एवढ्याला जागा होईल.” व्यापारी उठला आणि डाव्या ढिगाकडे वाकला.

“ते नाही,” अण्णा म्हणाले.

“तो फिर क्या लेजाऊं साब? बंडी लाया मैं.”

“भोंगा घेऊन जा.”

“भोंगा!” व्यापारी म्हणाला, पण पितळ बघून त्यानं तो बंडीत ठेवला.

अण्णा मला म्हणाले, “हा ढीग तुझा.” मी म्हणालो, “अण्णा, मला गाण्यातलं काय कळतं?” ते म्हणाले, “ऐकू येतं ना? कळायचं पुढं बघू. यांतल्या प्रत्येकीत काय आहे ते मला पाठ आहे, पण आता ते मी तपासू शकत नाही. तू ऐकायचं आणि मला येऊन सांगायचं.” हमीदला त्यांनी विचारलं की यंत्राचं काय. तो म्हणाला, “ले जाव वकीलसाब, मैं दूसरा बनालेतूं.” दुसरा बनवायला कारण मिळालं म्हणून तो खूशच होता. मग ग्रामोफोन, स्पीकरची पेटी, ॲम्प्लिफायर आणि उजवा ढीग वॅगनीत गेला. गोधड्या आतच. औरंगाबादेच्या पहिल्या थंडीत काकू त्या बाहेर काढायला गेल्यावर अण्णांनी म्हणे त्यांना चक्क मनाई हुकूम बजावला आणि नव्या शिवायला लावल्या.

घर रिकामं झाल्यावर मी नामपल्लीला स्टेशनच्या मागं एका खोलीत राहायला गेलो. इंजिनांच्या शिट्ट्या आणि शंटिंगचे धक्के यांत ऐकायचं म्हणजे कसरत होती. हमीदनं बाजारातून जुना ग्रामोफोन आणि स्पीकर आणून दुसरा ॲम्प्लिफायर जोडला, मी दुसरी पेटी केली आणि मित्रांच्या जुन्या उशांतला कापूस तिच्यात भरला. अण्णांना सांगायचं होतं म्हणून मी एकेक तबकडी घेऊन बसायचो. नुसतं ‘छान आहे’ सांगून ते ऐकणारे नव्हते. श्वास कुठं, तंबोरा कोणत्या स्वराचा, ठेका कुठं हलका होतो. अभ्यासाला बसावं तसं मी बसायचो.

सुट्टीत गावाकडे जायच्या आधी मी सरळ औरंगाबाद गाठलं. अण्णा पेटीसमोर खुर्ची टाकून बसले होते. काकूंनी धपाटे आणि दही पुढं ठेवलं आणि मी सांगायला लागलो. सुरुवात त्या कोर्ट बुडवलेल्या बाईपासून केली. ती कशी सुरू करते, कुठं थांबते, पहिली ओळ परत घेताना काय बदलते. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, बोटांनी मांडीवर ठेका धरून. मी शेवटावर आलो.

“आणि समेच्या आधी?” ते म्हणाले.

“समेच्या आधी काही नाही. सरळ येते.”

“सरळ येत नाही. तिथं एक मुरकी आहे. एवढीशी. केसाएवढी.”

“अण्णा, मी पुष्कळदा ऐकलंय. नाहीये.”

“मी ती तीस वर्षं ऐकली,” अण्णा म्हणाले. “तुझं यंत्र कच्चं आहे. परत जा.”

काकू म्हणाल्या, “अहो, पोरगा आत्ता आलाय, खाऊ तरी द्या त्याला.”

तिथून मी गावी गेलो. परदेशात लोक म्हणे कुठल्याशा काट्याच्या सुया वापरतात, असं हमीदनं वाचलेलं होतं. पोलादी सुईनं तबकडी खरवडते, काटा मऊ चालतो. आमच्या बांधावर बाभळी होत्या. वडिलांनी कशाला ते न विचारता मला वाळलेले, सरळ काटे निवडून दिले. नामपल्लीला आल्यावर मी ते पॉलिश कागदावर घासून टोक काढलं, ग्रामोफोनच्या सुई धरणाऱ्या हाताला मागून शिसं बांधून त्याचा सुईवरचा भार हलका केला, पेटीतला अर्धा कापूस काढला, परत घातला, स्पीकर उंच ठेवला, खाली ठेवला. दर तबकडीला काटा नव्यानं घासावा लागायचा. खरखर बसली आणि एका दुपारी, दोन गाड्यांच्या मधल्या शांततेत, समेच्या जरा अलीकडे आवाज किंचित वळला आणि सरळ झाला. केसाएवढा. मी सुई उचलून परत ठेवली. पुन्हा तिथंच वळला.

दिवाळीला औरंगाबादेला गेलो तेव्हा चप्पल काढायच्या आधीच सांगितलं. “मुरकी आहे.”

अण्णांनी आश्चर्य दाखवलं नाही. “कशी आहे?” म्हणाले. मला गाता येत नाही, म्हणून मी बोटानं हवेत काढून दाखवली. त्यांनी माझं बोट नीट बघितलं, मग स्वतःच्या बोटानं तीच काढली, माझ्यापेक्षा थोडी तिरपी. मी म्हणालो, हो, तशीच.

“बरं,” अण्णा खुर्चीत मागं टेकत म्हणाले. “आता मागची बाजू सांग.”